हॉर्नवाल्यांच्या डोक्यावरचा मायक्रोफोन

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे, आणि माझ्यामुळे दोन जिवलग मित्रांची मैत्री तुटली. हे कबूल केल्याशिवाय माझी कहाणी सांगण्याचा मला हक्क नाही.

कारखान्यात माझ्या पोटात ॲल्युमिनियमची एक पट्टी बसवली होती. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाहूनही ती पातळ. जवळ कोणी नुसता श्वास सोडला तरी थरथरायची. १९३६ साली मला हॉलिवूडच्या एका स्टुडिओत आणलं आणि वाद्यवृंदाच्या दालनात, हॉर्न नावाचं पितळी वाद्य फुंकणाऱ्यांच्या डोक्यावर टांगलं. समोरच्या पडद्यावर चित्रपट मुकाच चाले. जहाजं बुडत, घोडे उधळत, आणि त्याकडे पाहत पन्नास माणसं वाजवत. काचेपलीकडच्या खोलीत ध्वनिमुद्रक डेलबर्ट क्रेन बसे. "हा म्हणजे माझा उजवा कान," असं तो माझ्याबद्दल सांगे. मी फुलून जाई.

माझ्याखाली दोघं बसत. पहिल्या, म्हणजे मुख्य वादकाच्या, खुर्चीतला हॉर्न एमिल हालाशचा. तो बुडापेस्टहून आलेला. दुसरा वॉल्टर प्रुइटचा, तो आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. एमिलची बायको इल्का दोघांना पुरेल एवढा डबा देई.

"कोबीचे रोल आहेत. तुला दोनच," एमिल म्हणे.

"दोनच? मघाशी तू चुकलास ते मी झाकलं. चार तरी दे!"

अकरा वर्षं असं चाललं होतं.

१९४७च्या वसंतात एमिलच्या वरच्या ओठाला बधिरपणा आला. हॉर्नवाल्याचा ओठ गेला की सगळंच गेलं. एका दुपारी मध्यंतर झालं, ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा विझला, आणि तो वॉल्टरकडे झुकला.

"वॉल्टर, वरचे सूर आजही तूच घे. डॉक्टर म्हणतो, चार महिने तरी लागतील."

"घेतो रे. तू नुसते गाल फुगव. कुणाच्या बापाला कळत नाही."

पण माझं बटण बंद करायचं राहून गेलं होतं. डेलबर्ट कॉफी आणायला गेला होता, आणि त्याच्या खुर्चीत संगीत विभागाचे प्रमुख बसले होते. मी प्रत्येक शब्द त्यांच्या कानात स्वच्छ नेऊन ठेवला. मला तेवढंच येत होतं.

डेलबर्ट परतला तेव्हा साहेब हसत होते. "तुझी यंत्रं फारच छान ऐकतात हं! पण हे बाहेर बोलू नकोस. लोक तोंड उघडायचे बंद होतील."

शुक्रवारी एमिलला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. तो आपला हॉर्न न्यायला आला, तेव्हा वॉल्टर माझ्याखालीच उभा होता.

"ओठाचं फक्त तुला ठाऊक होतं," एमिल म्हणाला. "इल्कालासुद्धा मी सांगितलं नव्हतं."

"एमिल, आईची शपथ, मी कुणाला काही बोललो नाही!"

"माझी खुर्ची हवी होती, तर मागायचीस. दिली असती."

हेही मी काचेपलीकडे पोहोचवलं. डेलबर्टने ऐकलं. त्याला दोन लहान मुली होत्या, नोकरी टिकवायची होती. त्याने हळूच बटण फिरवून मला बंद केलं. मित्रांनो, जगभरचं बोलणं वाहून नेणाऱ्या मला "तो नव्हे, मी!" एवढे शब्द बोलता आले नाहीत.

पुढच्या सोमवारी साहेबांनी वॉल्टरला पहिल्या खुर्चीत बसवलं. मग तर एमिलची खात्रीच पटली असणार. त्यानंतर कितीतरी चित्रपटांत वॉल्टरचा सूर वाजला. लोक वाहवा म्हणाले. मला मात्र तो सूर नेताना दर वेळी शरम वाटे.

१९५८ साली स्टुडिओने वाद्यवृंदच बंद केला. डेलबर्ट मला घरी घेऊन गेला आणि त्याने गॅरेजमधल्या रंगाच्या डब्यांमागे ठेवून दिलं. माझ्याकडे तो पाहत नसे. तीन वर्षांनी एका सकाळी मात्र त्याने मला फडक्यात गुंडाळलं आणि तो एमिलच्या दारात जाऊन उभा राहिला. एमिल आता पियानो दुरुस्त करून पोट भरत होता.

डेलबर्टने मला टेबलावर ठेवलं. "मिस्टर हालाश, वॉल्टरने काही सांगितलं नव्हतं. याचं बटण चालू राहिलं होतं. साहेबांनी ऐकलं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

 एमिलने घाईघाईने कोट उचलला. "वॉल्टर कुठे राहतो? चला, आत्ताच्या आत्ता चला!"

डेलबर्टची मान खाली गेली. "ते गेल्या मंगळवारी वारले. पेपरात वाचलं, तेव्हा मला राहवेना."

एमिल कोट हातात धरून तसाच खाली बसला. "म्हणजे मी त्याला काही सांगू शकत नाही," तो म्हणाला. "तो गेला म्हणून आता तुमची हिंमत झाली होय?"

 

थोड्या वेळाने एमिलने वॉल्टरच्या बायकोला फोन लावला. "नोर्मा, मी एमिल. एमिल हालाश."  मग तो म्हणाला, "त्याने कधी माझं नाव काढलं होतं का?"

रिसीव्हर त्याने कानाशी घट्ट दाबून धरला होता. पलीकडून आलेलं उत्तर मला ऐकू आलं नाही, आणि ते ऐकण्याचा मला अधिकारही नव्हता.

मित्रांनो, दुसऱ्याचं बोलणं कधीतरी तुमच्याही कानावर पडेल. ते पुढे नेऊ नका. आणि चुकून नेलंच, तर ज्याच्यावर आळ आला असेल त्याच्यासाठी लगेच पुढे या, तो जिवंत असतानाच.