कॉम्प्रेसरची किंमत एक

"जागा?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"खरेदीच्या किमतीला," दिवाणजी म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वीच्या."

"लिहा. कॉम्प्रेसर?"

दिवाणजींनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"दिवाणजी, कॉम्प्रेसर म्हटलं मी."

"एक."

"एक म्हणजे, लाख?" टेबलापलीकडून वहिनींनी विचारलं.

"एक म्हणजे एक, वहिनी. नुसता एक रुपया."

बर्फाचा कारखाना दोघा भावांचा, निम्मानिम्मा. थोरले दोन महिन्यांपूर्वी गेले. आता त्यांचा निम्मा हिस्सा त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना द्यायचा, आणि निम्मं किती हे कळायला आधी सगळं किती ते कळायला हवं. म्हणून कारखान्याच्या मालकीचं जे जे म्हणून आहे, त्याची यादी चालली होती. हिशेब लिहिणारा माणूस एकच, दिवाणजी, पहिल्या दिवसापासूनचा. नाकासमोर चालणारा.

"मोडलंय का ते यंत्र?" वहिनींनी विचारलं.

"नाही हो. भिंतीपलीकडे धडधडतंय ना, तेच ते. त्याच्या जिवावर अठरा माणसं जेवतात."

"मग त्याला चहाच्या कपाइतकीही किंमत नाही?"

दिवाणजींनी समजावून सांगितलं. यंत्र झिजतं, म्हणून दरवर्षी वहीत त्याची किंमत थोडी कमी करायची. तेवढा नफा कमी दिसतो, तेवढा कर वाचतो. कमी करत करत शेवटी एक शिल्लक ठेवायचा, म्हणजे यादीतून यंत्राचं नाव पुसलं जात नाही. सांगताना आपण आपलीच चहाडी करतोय, असं त्यांना वाटत होतं.

"ह्यांना ठाऊक होतं हे?"

"पाठ थोपटायचे माझी. म्हणायचे, दिवाणजी आहेत म्हणून चार पैसे राहतात हातात."

वहिनी हसल्या. नवऱ्याचं बोलणं ऐकायला मिळालं, एवढ्यावरच त्या बिचाऱ्या खूश. दिवाणजींनी मात्र पुढचं पान उलटायचं टाळलं.

कारण कॉम्प्रेसर एकटा नव्हता. बर्फाचे डबे, टाकी, टेम्पो, सगळे एकाच माळेचे मणी. जागेची किंमत घेतली तेव्हाची, आणि परवाच शेजारची तेवढीच जागा चाळीसपट किमतीला विकली गेली होती. वहिनी राहायच्या त्या वरच्या दोन खोल्याही कारखान्याच्याच, म्हणजे त्याही सोडायच्या. आणि हातात येणाऱ्या रकमेत बाहेर दोन खोल्यांचं भाडं निघालं असतं जेमतेम तीन वर्षं. वहिनींचं वय त्रेपन्न.

वहिनी पाणी आणायला उठल्या, तसे दिवाणजी पुढे वाकले.

"धाकटे, निदान जागेला तरी आजचा भाव लावू या. मी हात जोडतो."

"करार वाचा, दिवाणजी."

वाचायची गरज नव्हती. भागीदार गेल्यास त्याचा हिस्सा वहीतल्या किमतीप्रमाणे द्यावा, हे कलम दिवाणजींनीच सुचवलं होतं. तेव्हा समोरच्या लाकडाच्या वखारीतले भाऊ किमतीवरून बारा वर्षं कोर्टात भांडत होते. आपल्याकडे तसं नको, वहीतला आकडा कुणाच्या बापाला बदलता येत नाही, असं दिवाणजीच मोठ्या ऐटीत बोलले होते. लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात. दिवाणजींनी तो वहिनींच्या पायावर मारला होता, आणि तोही सुवाच्य अक्षरात.

"करार असू दे," ते म्हणाले. "तुमच्या मनात असेल तर..."

"मनात आहे म्हणून तर बँकेत गेलो होतो," धाकटे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकला होता. "म्हटलं, कर्ज काढून द्यावं वहिनीला नीट. मॅनेजरने काय मागितलं माहितीये? वही. बघितली आणि म्हणाला, एवढ्यावर कसलं कर्ज? आता राहिलं कारखाना विकणं. अठरा घरांच्या चुली विझवू का? सांगा तुम्ही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आयुष्यभर दिवाणजींनी एक पैसाही इकडचा तिकडे केला नाही, आणि त्याचं फळ हे असं समोर पडलं होतं. त्यांना स्वतःची चीड आली, वहीची आली, आणि मेलेल्या थोरल्यांचीही आली.

वहिनींनी पाण्याचे पेले ठेवले आणि यादी पुढे ओढली. खालचा आकडा त्यांनी वाचला.

"मला यातलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, जग उलटंपालटं होईल, पण दिवाणजींची बेरीज चुकायची नाही. तुम्हीच सांगा, बरोबर आहे ना?"

दिवाणजींनी यादी हातात घेतली. वरून खाली बेरीज केली, मग खालून वर केली. एखादी चूक सापडावी, असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

"बरोबर आहे, वहिनी."

वहिनींनी पूर्ण नाव लिहून सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

"बरं झालं तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मनात शंका राहिली असती."

मग त्या वर सामान आवरायला गेल्या.