मीठदाणीतली ऊर्जा

"पाहा! नीट पाहा!" कंपनसर गरजले आणि बेचाळीस पर्यटकांनी श्वास रोखून धरले. समोर हजारो वर्षांपूर्वीचं देवालय उभं होतं, छप्पर गेलेलं, नुसते खांब उरलेले. ते बघायला समुद्र ओलांडून आलेली मंडळी खांबांकडे पाठ करून उभी होती. सगळ्यांचे डोळे खिळले होते ते लिंबाएवढ्या एका दगडावर आणि ताईच्या डाव्या हातावर.

ताईने हात खांद्याच्या रेषेत पुढे धरला होता. सरांनी तो दाबला, तसा भदकन खाली आला. मग त्यांनी दगड तिच्या मुठीत ठेवला.

"आता रोखा, ताई! पाच हजार वर्षांची कंपनं तुमच्या पेशीपेशीत शिरताहेत!"

त्यांनी पुन्हा दाबला. हात जागचा हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला, दोघीतिघींनी डोळे टिपले, कॅमेरेवाल्या काकांनी सगळं मोबाइलवर घेतलं.

ताईची धाकटी बहीण तिकडे सावलीत बूट सैल करून बसली होती. सहलीच्या या म्होरक्याचं 'कंपनसर' हे नाव तिनेच मनातल्या मनात ठेवलं होतं. सहा दिवसांतलं हे अकरावं भग्नस्थळ, आणि प्रत्येक ठिकाणी गृहस्थ इतिहास दोन मिनिटांत उरकून दगडांवर येत. तीस वर्षं तिने इस्पितळात फिजिओथेरपी केली होती. गंडे, लोहचुंबकाचे पट्टे बांधून, अंगारे लावून आलेल्या माणसांशी वाद घालून घालून तिचा घसा बसला होता. आता तिला रागसुद्धा येत नसे, नुसता शीण येई. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडलेला ताईचा हात तिने आठ महिने सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घेऊन वर आणला होता. त्याचं श्रेय दगडाने पळवलं, याचं तिला वाईट वाटलं. पण जाऊ दे म्हणाली आणि बुटांचे बंद बांधले.

दुपारी जेवणघरात तिने सहज विचारलं, "रक्तदाबाची गोळी घेतलीस ना?"

ताई ताटात बघत म्हणाली, "परवापासून बंद केल्यात. परवाच सरांकडून दगड विकत घेतला मी. सर म्हणाले, पोटात औषध असलं की दगड काम करत नाही."

"डबी कुठंय?"

"मागच्या हॉटेलात. कचऱ्याच्या टोपलीत."

गेल्या वर्षीचा झटका आला होता, तोही गोळ्या सोडल्यावरच. आता जाऊ दे म्हणायची सोय नव्हती. धाकटी उठली. सर पलीकडच्याच टेबलावर जेवत होते.

"सर, मी एकदा करून बघू का? ताई, धर दगड."

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटीने दाबलं. दगड मुठीत असूनही हात खाली आला. मग तिने दगड काढून घेतला आणि टेबलावरची मीठदाणी ताईच्या मुठीत कोंबली. "आता रोख!" तिने पुन्हा दाबलं. हात लोखंडासारखा ताठ राहिला.

"म्हणजे मिठातही कंपनं?" कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

"काका, सकाळचा व्हिडिओ लावा. सरांचे हात बघा फक्त."

काकांच्या मोबाइलभोवती डोकी जमली. पहिल्या वेळी सरांचा हात ताईच्या मनगटावर होता, आणि दाबायच्या आधी सूचना नव्हती. दुसऱ्या वेळी 'रोखा' म्हणून बजावलं होतं आणि हात सरकला होता पार कोपराजवळ.

"दार मोकळ्या कडेपाशी ढकललं तर बोटानेही उघडतं," धाकटी म्हणाली. "बिजागरीजवळ ढकलून बघा, रेटावं लागतं. हातालाही बिजागरी आहे, खांद्यात. मीही आत्ता तेच केलं. बाकी काही नाही यात."

"श्रद्धा नसली की ऊर्जा निघून जाते, मॅडम," सर म्हणाले.

"बरं. मग तुम्ही करा. दोन्ही वेळा मनगटावरच दाबा, आणि मुठीत काय आहे ते तुम्हाला कळू द्यायचं नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं. बस सुटायची वेळ झाली होती म्हणे. ते निघाले, आणि दोघं-तिघं त्यांच्यामागे दगडाची चौकशी करत गेलेच. धाकटीने त्यांना अडवलं नाही. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

ताई रडत होती. "रोज गोळी हातात घेतली की झटक्याचा तो दिवस आठवतो गं. वाटलं, सुटले."

"भीती मलाही वाटते," धाकटी तिच्याशेजारी बसली. "पण अगं, आठ महिन्यांपूर्वी हा हात वरच येत नव्हता. आज तू तो चार वेळा धरलास. तो तू बरा केलायस, रडत, मला शिव्या घालत. कुणी चमत्कार दाखवला ना, तर एवढंच म्हणायचं, पुन्हा करा, पण या वेळी मी सांगते तसं. खरं असेल ते पुन्हा होईल. आणि होईपर्यंत औषध सोडायचं नाही."

तिने पर्समधलं जादाचं पाकीट काढून एक गोळी ताईपुढे ठेवली. "ही घे. बाकीचं डॉक्टरांना आत्ता फोन करून विचारू."

ताईने पदराने नाक पुसलं. मग डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलला. तो थरथरला, थोडं पाणी सांडलं, पण तिने उजवा हात लावला नाही. ग्लास तोंडाशी नेला आणि गोळी गिळली.