शिगेची पायली

पायली म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे, मित्रांनो. धान्य मोजायच्या भांड्याला पायली म्हणतात. मी अशीच एक जुनी, लाकडाची, वापरून वापरून काळी पडलेली पायली आहे. माझ्या पोटावर एक बारीक चीर आहे आणि तोंडाशी लोखंडाचे कडे आहे. रूपाने मी फारशी देखणी नाही, पण आमच्या गावात माझा शब्द शेवटचा मानला जाई.

आलापल्लीच्या जंगलातल्या एका सागाचा मी तुकडा. मोठे ओंडके ट्रकवर चढून दूर निघून गेले आणि बुंध्याजवळचा एक आखूड ठोकळा मागे राहिला, तो मी. सुताराने मला आतून पोखरले, लोहाराने कडे चढवले आणि एका शेतकऱ्याने धान ओतून माझे पोट बरोबर आहे की नाही ते पाहिले. हे तिघे एका बाजेवर बसून दिवसभर माझ्यावरून भांडले. सुताराला मी उंच हवी होते, लोहाराला बसकी आणि शेतकऱ्याला दोन्ही! शेवटी तिघांनी थोडे थोडे सोडले, तेव्हा कुठे मी झाले. अजूनही दुपारच्या शांततेत माझा डोळा लागला की मी पुन्हा झाड होते. माझ्या अंगावरून वारा जातो, पाने सळसळतात आणि खाली कोणीतरी हलक्या आवाजात मोजत असते. जाग येते तेव्हा मी आढ्याखालच्या फळीवर असते.

तो शेतकरी म्हणजे रुखमाबाईचा सासरा. त्याच्यामागे मी रुखमाबाईच्या हाती आले. धान मळून झाले की खळ्यात ती मला भरायची. पहिले माप भरताना ती कधी ‘एक’ म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणायची. लाभ, दोन, तीन, चार... असे मोजणे आमच्याकडे पूर्वीपासून चालत आले आहे. आणि माप कधी सपाट नसे. तोंडापर्यंत भरल्यावर वर जो निमुळता ढीग उभा राहतो, त्याला शीग म्हणतात. दाणे कडेने ओघळू लागेपर्यंत रुखमाबाई शीग लावायची. हात फिरवून माप सपाट करणे म्हणजे समोरच्याला दारातूनच वाटेला लावणे, असे ती मानायची. त्या शिगेखाली मी अगदी ताठ उभी राहत असे. खरे सांगते, मला त्याचा फार गर्व होता.

मग गावात आकडे दाखवणारा काटा आला. त्याला डोळे होते, दिवे होते, मला काय होते? मी फळीवर गेले. आधी माझ्यात विळे ठेवले, मग जुन्या दोऱ्या. एका पावसाळ्यात तर एका कोंबडीने माझ्यात नऊ अंडी घातली आणि एकवीस दिवस ती माझ्यावर रुसल्यासारखी बसून राहिली. हसू नका. रिकाम्या भांड्याला तेवढीही सोबत पुरते.

फळीवरून घरातले सगळे ऐकू येते. रुखमाबाईचा मुलगा धनराज आणि सून चंचल दर वर्षी धान घरात आले की तेलंगणात मिरची तोडायला जात. मुखरू मुकादम जीप घेऊन यायचा आणि अर्धे गाव तिच्यात बसून निघून जायचे. नेमके तेच दिवस मोहफुलांचे. झाडाखाली पहाटेपासून फुलांचा सडा पडायचा आणि वेचायला म्हाताऱ्याच उरायच्या. धनराज-चंचलची लेक मयुरी तेवढे महिने आजीजवळ राहायची. मागच्या वर्षी चंचल परतली तेव्हा मयुरी रुखमाबाईच्या लुगड्यामागे लपली.

“अवं, मायच हाय तुयी,” रुखमाबाई म्हणाली. मयुरी काही पुढे आली नाही. चंचलने आणलेला फ्रॉक पिशवीतच राहिला. मिरचीने तिची बोटे लाल झाली होती आणि मयुरीने जवळ यावे म्हणून ती ते हात पाठीमागे लपवत होती. मी भांडे आहे, मला डोळे पुसता येत नाहीत.

त्याच वर्षी गावात एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. वनरक्षक श्रावण यांनी मोहाच्या झाडाखाली बांधायच्या जाळ्या आणून दिल्या. त्यामुळे फुले मातीत पडेनात आणि जागा साफ करण्यासाठी पालापाचोळा जाळायचीही गरज उरली नाही. ऊर्जानगरच्या कंपनीतून धम्मदीप नावाचा तरुण अधिकारी आला. त्याने उन्हावर चालणारी, काचेची झाकणे असलेली वाळवणाची पेटी दिली. फुले चांगली वाळली की नाही ते गडचिरोलीच्या कॉलेजात तपासले जाई. ग्रामसभेने समाजमंदिराची खोली दिली. तिची चावी बायकांच्या गटाने रुखमाबाईकडे सोपवली. म्हणजे पुन्हा एकदा बाजेवर वेगवेगळी माणसे बसली होती, फक्त या वेळी बाज जरा मोठी होती.

वाळलेल्या फुलांची पहिली मागणी पाचशे पाकिटांची होती, प्रत्येक पाकीट अर्ध्या किलोचे. ही मागणी नीट पुरी झाली तर बाराही महिने काम मिळणार होते. चंचलने दिवाळीतच सांगून टाकले होते, “आई, हे जमलं तं मी नाई जात यंदा.” म्हणून पाकिटे भरताना सगळ्यांत जास्त घाई तिला होती. कंपनीने स्टीलचा एक चकचकीत डबा दिला होता. तो काठोकाठ भरला की बरोबर अर्धा किलो. डबा भरायचे काम रुखमाबाईकडे होते.

पाकिटे भरून झाली आणि फुले संपली. पाकिटे झाली चारशे चौतीस!

पौषातल्या ज्या सकाळी ही गोष्ट उघड झाली, त्याच सकाळी मुखरूची जीप गावात आली होती. समाजमंदिरात श्रावण, धम्मदीप, ग्रामसभेचे सचिव गोपाल आणि गटाच्या बायका बसल्या. बाहेर जीपजवळ चंचलचे गाठोडे. जायचे की राहायचे, ते आतल्या बोलण्यावर ठरणार होते.

हे सगळे मला ठाऊक, कारण सुरुवातीचे बोलणे मी नंतर बायकांच्या तोंडून ऐकले आणि पुढचे घडले तेव्हा मीही तिथेच होते. पण ते पुढे सांगते.

“खोलीत अडीच क्विंटल फुलं ठेवली होती. मी स्वतः उभा होतो काट्याजवळ,” श्रावण म्हणाले.

“अडीच क्विंटलची पाचशे पाकिटं होतात,” धम्मदीप म्हणाला. “सहासष्ट कमी आहेत.”

गोपालने घसा खाकरला. “मंग चावी कोनाजवळ होती?”

रुखमाबाईच्या हातून आजवर गावातल्या प्रत्येक घरात धान गेले होते. लग्नात, बारशाला, दुखवट्याला तिचेच माप असायचे. आणि आज गावातलाच माणूस तिला चावीचे विचारत होता. ती उठली आणि घरी आली. फळीवरून मला उतरवले. आतल्या दोऱ्या काढल्या, पदराने मला पुसले. कितीतरी वर्षांनी मला तिचा हात लागला.

तिने मला समाजमंदिरात नेऊन मधोमध ठेवले. काट्यावर मोजण्याआधीच घरोघरी वाटायची म्हणून बाजूला ठेवलेली वाळकी फुले टोपलीत होती. ती घेऊन तिने मला भरायला सुरुवात केली.

“पाह्य गोपाल, तुया डोळ्यानं पाह्य. लाभ!”

माझे तोंड भरले तरी तिचे हात थांबले नाहीत. शीग वर वर चढत गेली. पिवळट तपकिरी फुले माझ्या कडेवरून घरंगळली आणि त्यांच्या गोड वासाने खोली भरून गेली. मला वाटले, मी पुन्हा झाड झाले आहे आणि माझ्याखाली सडा पडतो आहे.

“माया हातानं मी कोणाचं कमी नाई केलं,” रुखमाबाई म्हणाली. “आन तुमी मले चोर म्हनून राह्यले?”

धम्मदीप त्या शिगेकडे टक लावून पाहत होता. मग तो हळूच म्हणाला, “बाई, माझी आजीही असंच माप भरायची. तो डबा तुम्ही कसा भरत होता?”

“कसा म्हंजे? असाच.”

“शीग लावून?”

“मंग सपाट देऊ काय पाव्हन्याले?”

धम्मदीपने काटा ओढला आणि एक पाकीट त्यावर ठेवले. काट्याच्या दिव्यात आकडा उमटला, पाचशे पंच्याहत्तर. दुसरे पाकीट, तेवढेच. तिसरे, थोडे जास्तच. सहासष्ट पाकिटांची फुले कोणी नेलीच नव्हती. ती चारशे चौतीस पाकिटांत, प्रत्येकाच्या वरच्या शिगेत, थोडी थोडी बसली होती. डबा कंपनीचा होता, पण हात रुखमाबाईचे होते!

आधी श्रावण हसले, मग बायका. गोपाल मात्र हसला नाही. तो उठून रुखमाबाईसमोर आला. “बाई, चुकलं मायं,” एवढेच म्हणाला. रुखमाबाईने त्याला ओंजळभर फुले दिली. ओंजळीलाही शीग होतीच.

पण प्रश्न सुटला नव्हता. “पाकिटावर अर्धा किलो लिहिलंय, तर अर्धाच किलो हवा,” धम्मदीप म्हणाला. “नाहीतर दर वेळी पाकिटं कमी पडतील आणि घेणारे पुन्हा विचारणार नाहीत. ही पाकिटं मी फोडून पुन्हा भरून घेतो, आजच पाचशे होतील. पण पुढे डब्यावर पट्टी फिरवायची.”

“मले नाई जमत सपाट. हात उठत नाई,” रुखमाबाई म्हणाली.

बाहेर मुखरूने भोंगा वाजवला. एकदा, दोनदा. तेव्हा दारात उभी असलेली चंचल आत आली. नवऱ्याच्या गावात, मोठ्यांच्या बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती.

“आई, पट्टी मी फिरवतो. तुमी पायली भरा. दर खेपेले पयली पायली तुमची, शिगेची. ते पाकिटात नाई जाणार, अंगणवाडीत जाईल. लेकरायचे लाडू होतील. बाकी सगळं सपाट.” मग ती धम्मदीपकडे वळली. “भाऊ, एक पायली चालन ना तुमच्या कागदात?”

धम्मदीपने श्रावण यांच्याकडे पाहिले, श्रावण यांनी गोपालकडे. माझ्या जन्माच्या वेळी तिघे असेच एकमेकांकडे पाहत होते.

“चालेल,” धम्मदीप म्हणाला. “कागदात मी स्वतः लिहितो.”

चंचलने जीपजवळचे गाठोडे उचलून आणले. धनराज मात्र गेलाच. सगळे एका दिवसात सुटत नाही, मित्रांनो, आणि मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. जीप वळणाआड जाईपर्यंत चंचल रस्त्यात उभी होती. मयुरीने तिचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

आता मी फळीवर नसते. समाजमंदिरात, त्या दिवेवाल्या काट्याच्या शेजारी बसते. आमचे बरे पटते. त्याला नेमके कळते आणि मला भरभरून देता येते. माझ्या चिरेत लोहाराच्या नातवाने लाख भरून दिली आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने माप कोपऱ्यात पडले असेल. भंगारात देण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, ती ते कसे भरायची. आणि एकदा तिच्या हातांनी भरून घ्या.

यंदा फाल्गुनात मोहफुलांचा पहिला वेचा आला. जाळीतून आणलेल्या ताज्या फुलांची टोपली घेऊन रुखमाबाई माझ्यापुढे बसली, पण तिने मला हात लावला नाही. तिने मला चंचलपुढे सरकवले. चंचलच्या बोटांवरचा लाल रंग केव्हाच गेला होता. तिने ओंजळ भरली, माझ्यात रिती केली, पुन्हा भरली. माझ्यावर शीग उभी राहिली. मयुरी शेजारी बसून मोजायला तयार होती. तिने अंगणवाडीत नुकतेच आकडे शिकले होते.

“एक!” मयुरी ओरडली.

“एक नाई, बाई,” चंचल म्हणाली आणि लेकीचे दोन्ही हात धरून तिने ते माझ्या शिगेवर ठेवले. “पयलं माप. म्हन, लाभ.”