झाकण अडकलंय

वसंत आला की आमच्या नाबुल गावातल्या बायकांना दुसरं काही सुचत नाही. अंगणात, गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे चादरी पसरायच्या, त्यावर कडू संत्र्याची पांढरी फुलं ओतायची आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात त्यांचा अर्क काढायचा. वर्षभराचं फुलांचं पाणी. ते कॉफीत लागतं, मिठाईत लागतं, बाळाचं पोट दुखलं तर लागतं. आणि या दिवसांत घरातल्या पुरुषाने आपल्याच अंगणात विचारून पाऊल टाकायचं.

मला तर विचारायचीही सोय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वसंतात बायकोने, मन्नूबियाने, सांगून टाकलं, "अर्क निघत असताना कुणी आवाज चढवला की पाणी कडू होतं. आणि तुमचा आवाज तर जन्मापासूनच चढलेला. अर्क निघेपर्यंत कॉफीच्या दुकानात बसा."

आता माझ्या नाकावर राग असतो हे मला मान्य आहे. मी कुंभार. दिवसभर चाकाशी आणि भट्टीशी झगडणारा माणूस गोड बोलायला कुठून शिकणार? पण पाण्याची गोष्ट होती, म्हणून गुमान जायचो. पत्ते खेळायचो, हरायचो, दुकानदाराशी भांडायचो. मग तिसऱ्या दिवशी निरोप यायचाच, "झाकण अडकलंय, मन्नूबियाने बोलावलंय." मी हातातले पत्ते टाकून तरातरा निघायचो. वाटेत बडबडायचो, एवढ्या बायका असून एक झाकण निघत नाही म्हणजे काय! घरी पोचलो की एका हिसक्यात झाकण वर. मन्नूबिया म्हणायची, "बघा बायांनो, हात असावा तर असा." आणि माझ्यापुढे कॉफी ठेवायची.

अशी ती बाई. माझी मडकी बोटाने टिचकी मारून ऐकायची आणि म्हणायची, "हे गळणार." ते गळायचंच. शेजारच्या सासू-सुना भांडल्या की बाटली घेऊन जायची, दोघींच्या तोंडावर पाणी शिंपडायची आणि जेवूनच परत यायची. माझ्यासारख्या माणसाबरोबर उभा जन्म काढला आणि हसत काढला. गेल्या हिवाळ्यात, ऑलिव्हची तोडणी चालू असताना, झोपेतच गेली. कुणाला उठवलंसुद्धा नाही. मला उठवायला हवं होतं, त्याचा राग अजून आहे.

तिच्या हातच्या पाण्याची एकच बाटली उरली होती, तीही अर्धी. मी ती माझ्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात. रोज सकाळी कॉफीत एक थेंब टाकायचो, तोही जीव मुठीत धरून. बाटली संपली की या घरातून मन्नूबिया पुरती गेली, असं मला वाटायचं. म्हणून या वर्षीचं पाणी अगदी तिच्यासारखंच उतरायला हवं होतं. नाहीतर पुढे काय, हे मला माहीत नव्हतं.

मुलगी रौधा सासरहून, स्फॅक्सहून, खास आली. शेजारची खदूजा, मन्नूबियाची जन्माची मैत्रीण, बाह्या सरसावून हजर झाली. मी जाहीर केलं, "या वर्षी मी कुठे जाणार नाही. इथेच बसणार."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बसा की, भावजी," खदूजा म्हणाली. "पण रीत ठाऊक आहे ना? तोंडाला कुलूप."

"अवाक्षर काढणार नाही."

"बाबा, पैज लावू का?" रौधा म्हणाली.

मी मूग गिळून बसलो. पहिल्या दिवशी खदूजाने माझ्या घागरीत, स्वतःच्या हाताने घडवलेल्या माझ्या घागरीत, राख भरली. मी गप्प. दुसऱ्या दिवशी रौधाने दुपारची घेवड्याची उसळ करपवली, वर ताटात वाढून म्हणते कशी, "बाबा, कशी झालीय?" मी मान हलवली. त्या दोघी फुलं मोजून टाकत होत्या, झाकणावरचं गार पाणी बदलत होत्या, फुटकळ गप्पा मारून खिदळत होत्या. नळीतून थेंब थेंब पाणी बाटलीत पडत होतं. अंगणभर मन्नूबियाचा वास भरला होता. मी दातओठ खात, पण सुखात होतो.

एकच गोष्ट मला बघवेना. झाकणाच्या सांध्याला त्यांनी कणीक लावली होती आणि एका बाजूने बारीक वाफ निसटत होती. तेवढी मन्नूबियाची चव हवेत चालली होती. बोलायची तर बंदी. शेवटचा घाणा चढला आणि दोघी आत गेल्या, तसा मी उठलो. भट्टीचं दार लिंपायला मी माती आणि राखेचा गारा करतो, त्याचा गोळा आणला आणि सांधा गोल लिंपून टाकला. कुंभाराच्या घरात कणीक कसली लावता?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिसऱ्या दिवशी आच विझली, भांडं निवलं आणि रौधा झाकण काढायला गेली. हलेना. खदूजा आली. हलेना. माझा गारा भाजून विटेसारखा झाला होता.

"बाबा," रौधा म्हणाली, "झाकण अडकलंय."

मी गेलो, नेहमीसारखा हिसका दिला. भांडं जागचं सरकलं, झाकण नाही. पुन्हा दिला. मग मात्र माझा बांध फुटला. त्या झाकणाला, ते ठोकणाऱ्या तांबटाला, करपलेल्या उसळीला, राखेच्या घागरीला, कुणाला म्हणून सोडलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला असेल. मग एकदम भानावर आलो. समोर ताज्या पाण्याच्या बाटल्या उघड्याच होत्या.

"कडू झालं," मी म्हणालो. "सगळं कडू केलं मी."

मला रडू आलं. लपवलं नाही.

त्या दोघी मात्र हसत होत्या. खदूजा तर भिंतीला टेकून खाली बसली. "अहो भावजी, कसलं कडू? ओरडण्याने कुठे पाणी कडू होतं का? अख्ख्या नाबुलमध्ये अशी रीत नाही. मन्नूबियाला वर्षातून तीन दिवस शांतता हवी होती, म्हणून तिने ती काढली."

मी रौधाकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं, बाबा."

"म्हणजे तिला मी नको असायचो."

"पहिल्या दिवशी नको असायचात," खदूजा डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिचं सुरू व्हायचं, घर कसं सुनं लागतंय गं, जेवला असेल का गं तो. तिसऱ्या दिवशी धीर सुटायचा. मग म्हणायची, जा गं, सांगून ये, झाकण अडकलंय."

"अडकायचंच ते. मीच तर काढायचो."

"आज पहिल्यांदा अडकलंय, भावजी. तुम्ही येताय असं दिसलं की ती ते आपल्या हाताने घट्ट दाबून ठेवायची."

मी आत गेलो, कपाट उघडलं आणि तिची बाटली बाहेर आणली. रौधाने कॉफी केली. मी तिघांच्या कपांत सढळ हाताने पाणी ओतलं, बाटली रिकामी होईपर्यंत. रौधा म्हणाली, "बाबा, जास्त होतंय." मी म्हणालो, "गप पी."

शुक्रवारी नव्या पाण्याची पहिली बाटली घेऊन कब्रस्तानात गेलो. पाणी अजून कच्चं होतं, धुराचा वास मारत होतं, मुरायला वेळ लागणार. तिच्या दगडावर थोडं शिंपडलं आणि शेजारी बसलो. आजूबाजूला लोक होते, पण मला आवाज खाली ठेवता येत नाही, ते तिलाही ठाऊक आहे.

"मन्नूबिया," मी म्हणालो, "झाकण अडकलंय. ये."