सातवा मॅक्रो

साधना आत्याच्या लाइटबोर्डावरचा सातवा मॅक्रो मी भरलेला आहे. आत्या सोडून कोणी त्याला बोट लावलं तर बोट मोडीन!

मॅक्रो म्हणजे अवघड काही नाही. स्टेजचे दिवे चालवणाऱ्या बोर्डाला म्हणायचं, बघ आता, आणि बटणं ओळीनं दाबायची. तो लक्षात ठेवतो. पुढं एकच बटण दाबलं की सगळी ओळ तो स्वतःच दाबतो. कशासाठी, ते त्याला कळत नाही. आत्या म्हणते, "घाण्याचा बैल हाये थो, मोनाली. सोडला का फिरला."

घाटंजीला आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं आणि लाइट आत्याचे, म्हणजे माझे! नाटकात तांड्यावर दरोडेखोर येतात आणि एक बाई त्यांना लाठीनं झोडपते. ती बाई बबिता, माझ्या बाकावरची, स्वतः तांड्यातली. मारामारी अशी बसवलेली: काळोख, मनात तीन मोजायचे, लख्ख उजेड, उजेडात लाठी. परत काळोख. तालमीत तेच ते दाबून माझं बोट दुखलं, म्हणून मॅक्रोच्या शेवटी मी त्याचंच बटण भरलं. सापानं शेपूट तोंडात धरावं तसा तो गोल फिरायला लागला.

"कार्यक्रमाच्या आधी शेवटची ओळ पुसजो," आत्या म्हणाली.

"हाव," मी म्हटलं, आणि केस विंचरायला गेले.

आता अंकुर. बारावी नापास, शाळेच्या फाटकाशी गाडी लावून बसणारा. आठवडी बाजारात त्यानं बबिताची ओढणी ओढली. बबितानं त्याला भेंडीच्या ढिगासमोर चपलेनं हाणलं. बाजार हसला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "तुले स्टेजवर पाडतो, सगळ्यायसमोर."

कार्यक्रमाच्या रात्री दरोडेखोर उजवीकडून यायचे होते. तिघं डावीकडून चढले, तोंडाला रुमाल बांधून.

"वा रे एंट्री!" कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या पडल्या. पहिल्या रांगेत किसनराव सर टाळ्या वाजवत होते. मला पुढच्याच्या हातात सायकलची साखळी दिसली. नाटकात साखळी नव्हती.

ती बबिताच्या कपाळावर बसली.

"याडी!" तिनं आईला हाक मारली. रक्त भुवईवरून डोळ्यात. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली, ती आडवी झाली. तिसरा, रुमालाआडूनही ओळखू आलेला अंकुर, तिच्या बोटांवर बुटानं उभा राहिला आणि टाच फिरवली. टाळ्या वाढल्या! किती खरं करतात म्हणे पोट्टे!

"खरंच मारून राह्यले!" मी किंचाळले. स्पीकरच्या ढोलात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आत्या मागं जनरेटरपाशी. मला वाटलं, काळोख झाला तर बबिता सरपटत निघून जाईल. बोट आपोआप सातवर गेलं.

काळोख. एक, दोन, तीन. लख्ख!

ती गेली नव्हती. तालमीतल्याच जागी, एका गुडघ्यावर, लाठी दोन्ही हातांत. लाठी अंकुरच्या गुडघ्यावर बसली. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज.

काळोख. लख्ख! त्याचा जबडा. दात उडालेला दिसला मला, पांढरा.

काळोख. लख्ख! अंकुर जमिनीवर, हात आडवे धरलेले. लाठी मनगटावर. त्याचे दोस्त स्टेजवरून उड्या मारून पळालेले. मी टेबलावर मुठी आपटत होते. हाण, बबिता! हाण!

काळोख. आणि मला न पुसलेलं शेपूट आठवलं.

मॅक्रो थांबणार नव्हता. बबिताही थांबणार नव्हती, तिचं अंग फक्त तीन मोजत होतं. लख्ख! लाठी बरगडीवर, अंकुरचे हात खाली पडलेले. आता उघडं होतं ते डोकं. मेला असता, तर बबिता जेलात.

काळोख होताच मी मॅक्रो थांबवला. पण थांबवलं की बोर्ड आहे तिथंच राहतो, म्हणजे काळोखातच. एक. उजेड द्यायला हवा. पण झटक्यात दिला तर तिच्यासाठी तोच इशारा, लाठी उतरलीच. दोन. मी मोठ्या दिव्यांची सरकती दांडी धरली आणि सकाळ होते तसा उजेड हळूहळू वर चढवला.

लाठी डोक्याच्या वर. बबिता रक्तातून डोळे मिचकावत होती. असा उजेड नाटकात नव्हता. तिला कळेना. मग कळलं. लाठी खाली पडली, आणि टाळ्या एकदम बंद झाल्या.

तिला टाके पडले, दोन बोटं मोडली. अंकुरचा जबडा तारेनं बांधला. पोलिसांनी त्याचे दोस्तही धरले.

"पुस थो मॅक्रो," आत्या म्हणाली.

मी फक्त शेवटची ओळ पुसली आणि सातला नाव दिलं: बबिता.

दवाखान्यात तिनं विचारलं, "काहून थांबवलं वं?"

"जेलात तुले डबा कोण आणणार होतं?"

ती हसली, टाके ओढले गेले, तिनं मला शिवी दिली. मग प्लास्टरचा हात उचलून म्हणाली, "हे निघालं का तालीम घेऊ. शेवटचं पान राह्यलं ना आपलं."