हजार तुकडे आणि एक मिशी

पैज लागली ती माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात. गुरुवार, कोथरूडात वीज गेलेली आणि इन्व्हर्टर फक्त माझ्याकडे. म्हणून चौथ्या मजल्यावरची उत्कर्षा लॅपटॉप घेऊन काउंटरमागे बसली होती. तिच्या कोडची चाचणी होती. पाचपर्यंत निकाल कळवायचा, नापास झाला तर चार महिन्यांचं काम पाण्यात.

तिनं मला समजावलं. तिच्या कोडनं फाइलची कॉपी करताना डिस्क नवी जागा घेतच नाही, जुन्याच जागेकडे बोट दाखवते. ती हजार तुकडे एकेक करून कॉपी करणार, आणि डिस्कनं शेजारशेजारचे तुकडे आपणहून जोडून शेवटी एकच सलग तुकडा दाखवायचा.

मी म्हटलं, हजार कागद काढले की हजारच राहतात, बाइंडिंगशिवाय पुस्तक होत नाही. तिथं पेपर वाचत बसलेले शेजारी श्यामसुंदर, निवृत्त शिक्षक, म्हणाले, मिशी पणाला लावता का? लावली. मी हरलो तर ती भर रस्त्यात उतरवायची. उत्कर्षा हरली तर तिनं गेटवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, दिगंबरकाका हुशार आहेत.

दोघं चहाला गेली तेव्हा मी माझं काम केलं. तुकडे कोणत्या क्रमानं कॉपी करायचे, त्या नंबरांची यादी लॅपटॉपवर उघडीच होती. आधी सगळे विषम, मग सगळे सम लावून टाकले. म्हटलं, आता जोड बेट्या.

चाचणी सुरू झाली. स्क्रीनवर सुट्या तुकड्यांचा आकडा चढत गेला. दोनशे, चारशे, पाचशे. उत्कर्षा नखं खायला लागली, मी मिशीला पीळ दिला. मग सम तुकडे फटीत बसायला लागले आणि आकडा उतरायला लागला. चारशे. नव्वद. अकरा. पीळ सोडला मी. दोन.

दोनवरच थांबला.

उत्कर्षाचा चेहरा पांढरा पडला. पाचला दहा कमी होते. ती ‘नापास’ असा मेल लिहायला लागली.

मी हळूच यादीकडे पाहिलं. सम नंबर चारपासून सुरू होत होते. कट-पेस्ट करताना दोन नंबर माझ्या हातून गळला होता. एक आणि तीनच्या मध्ये भोक. कोड बरोबर होता, आणि हे फक्त मला माहीत होतं. गप्प बसलो तर सव्वीस वर्षांची मिशी शाबूत. तिचं बोट बटणापाशी गेलं.

"थांब," मी म्हटलं. "दोन नंबर कुठंय बघ."

तिनं यादी बघितली, मग मला. "काका, तुम्ही हात लावलात?"

"लावला."

"पान गाळल्याचं पहिल्यांदाच कबूल केलंत," श्यामसुंदर म्हणाले.

तिनं दोन नंबर घातला, पुन्हा चालवलं. आकडा पुन्हा चढला, पुन्हा उतरला. एक. मेल गेला तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. मला ओरडली नाही. हा उलटसुलट क्रम चाचणीत कायमचा ठेवते म्हणाली.

शेजारच्या सलूनवाल्या संतोषनं खुर्ची फुटपाथवर आणली. बसस्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. श्यामसुंदर प्रत्येकाला कारण सांगत होते, अगदी तपशीलवार. संतोषनं उजवी बाजू साफ केली, आणि मागच्यांनाही दिसावं म्हणून माझं तोंड रस्त्याकडे फिरवलं.