काचेवरचा निळा कागद

नियम सरळ होता. ज्याला दारू विकायची आहे आणि मध्यरात्रीपर्यंत गाणंबजावणं ठेवायचं आहे, त्याने निळ्या कागदावर आपलं पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता छापायचा, रस्त्यावरून वाचता येईल असा चार आठवडे काचेवर लावायचा आणि वर गावच्या पेपरात जाहिरात द्यायची, म्हणजे परवान्याला कुणाचा आक्षेप असेल तर तो कळवता येईल. सँडरबी या बंदराच्या गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. ग्वेन हॅलमने मात्र तो कागद लावला तेव्हा चिकटपट्टी दोनदा तिच्याच बाहीला जाऊन चिकटली.

नऊ वर्षं संसार करून ती नवऱ्यापासून, कॉलिन रडपासून, पळून आली होती. जुन्या गावात कुणालाही पत्ता दिला नव्हता. चर्चच्या पत्रकातसुद्धा तिने कधी नाव छापू दिलं नाही. आणि आता ते बंदराच्या रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं म्हणून, ठळक अक्षरांत लावलेलं. हॅलम हे तिचं माहेरचं आडनाव कॉलिनला पाठ होतं.

पण करते काय? तिचं चहाचं दुकान उन्हाळ्यात बरं चालायचं, थंडी पडली की बंदरावर काळं कुत्रंही फिरकत नसे. संध्याकाळी बिअर आणि गाणी नसतील तर हा हिवाळा निघणार नव्हता. दुकान गेलं की वरची खोलीही गेली. म्हणजे पुन्हा बॅग भरा, पुन्हा नवं गाव शोधा.

"माझं नाव टाक की," नॉर्मन म्हणाला. शुक्रवारी दुपारी तिच्या दुकानात अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा हा म्हातारा. परवान्याची कल्पना त्याचीच, आणि ग्वेनची सगळी कहाणी गावात फक्त त्याला ठाऊक.

"तुमचं? होडीतून चोरटी ब्रँडी आणताना पकडले गेलात तुम्ही."

"अगं पोरी, तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं."

"असू दे. दुकान मी चालवते, तर नाव माझंच लागणार."

दुसऱ्याच दिवशी तिने मेनूचा फळा सरकवून कागदापुढे उभा केला. नगरपरिषदेचे परवाना अधिकारी इक्बाल साहेब तिथून जाता जाता थांबले. "बाई, कागद असा झाकलात तर चार आठवडे पहिल्यापासून मोजावे लागतील," ते म्हणाले. आणखी महिनाभर हे नाव काचेवर! तिने मुकाट्याने फळा आत नेला.

ते दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. दारावरची घंटी वाजली की आधी कोण आलंय ते चोरून बघायची. कुणा पुरुषाने घसा खाकरला की ती ट्रे घेऊन तडक स्वयंपाकघरात.

"गिऱ्हाइकाला चहा देतेस की त्याच्यापासून लपवतेस?" नॉर्मन चिडवायचा, आणि मग स्वतःच उठून टेबलापाशी जायचा.

मुदत संपली त्या दिवशी इक्बाल साहेब स्वतः आले. "एकच आक्षेप आलाय," ते म्हणाले. "आक्षेप घेणाऱ्याचं नाव-पत्ता अर्जदाराला कळवावा लागतो, म्हणून ही प्रत आणलीय."

कॉलिनचं अक्षर तिने लांबूनच ओळखलं. तेवढ्याची तयारी तिने मनाशी केली होती. पत्ता मात्र तिने दोनदा वाचला. चॅपल रो. दुकानामागची गल्ली! तिथल्या खिडक्यांमधून तिचं परसदार दिसायचं, ती वाळत घालायची ते कपडे दिसायचे. हा तिथे राहायला कधी आला? किती दिवस बघत होता? ती तिथेच फरशीवर बसली.

"मी अर्ज मागे घेते," ती म्हणाली.

"घेता येतो," इक्बाल साहेब हळूच म्हणाले. "नाहीतर सुनावणी होईल. त्यांनाही बोलावणं जाईल."

ते गेल्यावर नॉर्मन गुडघे धरत तिच्या शेजारी टेकला. "अर्ज मागे घेतलास तर तो जाईल का इथून?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग दुकान तरी का घालवतेस?"

सुनावणीला लांब टेबलामागे तीन नगरसेवक बसले होते. मधली अध्यक्षा हिल्डा क्रॅबट्री, केस पांढरे, नजर करडी. दारापाशी परवान्याचं काम बघणारा पोलीस सार्जंट. कॉलिन इस्त्रीच्या शर्टात आला, सगळ्यांना नमस्कार-चमत्कार केले आणि ग्वेनपासून एका खुर्चीइतकी जागा सोडून तिच्याच रांगेत बसला. त्याच्या साबणाचा वास तोच होता. ग्वेनला वाटलं, आत्ता उठावं आणि मिळेल त्या बसमध्ये बसावं.

तो मऊ आवाजात बोलू लागला. "तिचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. उलट काळजीपोटी आलोय. ग्वेन भित्री आहे हो. प्यालेला माणूस समोर आला की तिचे हातपाय गळतात. तोंडातून शब्द फुटत नाही. कोपऱ्यात जाऊन बसते. अशा बाईच्या हाती बार द्यायचा म्हणजे गावाचीच सुरक्षितता धोक्यात."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि ग्वेनला तीच धास्ती होती. ही माणसं त्याचं ऐकणार.

"हे तुम्ही स्वतः पाहिलंय?" क्रॅबट्रीबाईंनी विचारलं.

"पुष्कळदा."

"कुठे?"

"घरी. नऊ वर्षं एकत्र होतो आम्ही."

"घरात प्यालेलं कोण असायचं, रड साहेब?"

कॉलिन हसतच राहिला. म्हणाला, "तो इथला प्रश्न नाही."

"मला तर इथला हाच प्रश्न वाटतो." बाई ग्वेनकडे वळल्या. "हॅलमबाई, प्यालेला माणूस उठायला तयार नसेल तर तुम्ही काय कराल?"

तिचे पहिले शब्द कुणाला ऐकूच गेले नाहीत, पुन्हा सांगावं लागलं.

"त्याचे हात बघेन. तोंडाकडे नाही बघायचं, हातांकडे. आवाज चढवणार नाही. दोघांत टेबल ठेवीन. पाठ भिंतीला लागू देणार नाही, नाहीतर निघता येत नाही. बाटली हातात घ्यायच्या आधी तो एकदम गप्प होतो, तेवढ्यात लांब व्हायचं. हे सगळं मला येतं."

"आणि तरीही तो गेला नाही तर?"

"तेव्हा मी जायचे. अनवाणी, थंडीत. घर त्याचं होतं." तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "हे दुकान माझं आहे. इथून त्यालाच जावं लागेल. मी पोलिसांना बोलावेन आणि ते येईपर्यंत मागे हटणार नाही."

"भीती नाही वाटायची?"

"वाटेल ना. आत्ताही वाटतेय. ह्यांच्या इतक्या जवळ मी कित्येक वर्षांत बसले नाहीये."

दारापाशी बसलेला सार्जंट उठला. त्याने आपली खुर्ची उचलली, कॉलिन आणि ग्वेनच्या मधल्या जागेत आणून ठेवली, आणि पाठीने कॉलिनला पुरतं झाकत तिच्याकडे तोंड करून बसला.

"चालू द्या, बाई," तो क्रॅबट्रीबाईंना म्हणाला. "मला इथून नीट ऐकू येतं."